अकरा महिन्यांचं वर्ष

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या वडिलांनी ठरवून टाकलं, की आपलं वर्ष यापुढे अकरा महिन्यांचं.

आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून जे पैसे हातात आले ते त्यांनी कल्याणच्या पोस्टात मासिक व्याजाच्या योजनेत ठेवले. पेन्शन नव्हती. दर महिन्याला ठरावीक व्याज यायचं आणि त्यात त्यांनी आणि आईने राहायचं, असा सरळ हिशेब. अकरा महिन्यांचं व्याज खायला-प्यायला आणि एका महिन्याचं, जूनचं, दोघांच्या मेडिक्लेमच्या हप्त्याला. जून महिन्यात घरात नवीन काही येणार नाही. तांदूळ, डाळ, तिखट सगळं मे महिन्यातच भरून ठेवायचं.

"जूनमध्ये आपण या घरात नसतो," असं आई शेजारणींना सांगायची. "कुठे जाता?" असं कुणी विचारलं, तर म्हणायची, "विमा कंपनीत."

अप्पा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तीसएक वर्षं होते. हेल्पर म्हणून लागले आणि लेथवरचे टर्नर म्हणून बाहेर पडले. कंपनीचा स्वतःचा दवाखाना होता. माझा गोवर, आईचं मोडलेलं हाताचं हाड, अप्पांचं ब्लडप्रेशर, सगळं तिथेच झालं. शेवटच्या दिवशी त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि गेटवर ओळखपत्र जमा करून घेतलं. घरी आल्यावर आईने घड्याळ उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "अहो, मग आता दवाखाना?"

तोपर्यंत ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आली नव्हती.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. कल्याणजवळ मोहन्याला चाळीतल्या दोन खोल्यांत वाढले, तिथल्याच शाळेत शिकले. आमच्या नात्यात मॅट्रिकच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मी बी. कॉम. झाले, ते अप्पांच्या ओव्हरटाइमवर. कॉलेजच्या तीन वर्षांत त्यांनी रविवार असा घरी काढलाच नाही. माझं पदवीचं प्रमाणपत्र आलं तेव्हा त्यांनी कारखान्यातल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीच्या तुकड्यांची, फोरमनला विचारून, चौकट केली. ती चौकट इतकी काटकोनात होती, की पुढे मी बँकेत लागल्यावर एकदा घरी आलेल्या साहेबांनी ती पाहून विचारलं, कुठल्या दुकानात केली? आज मी जी काही आहे ती या माणसामुळे. हे इथेच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहायचं आहे ते लिहिताना मला हे विसरायचं नाही.

मी ठाण्याला एका सहकारी बँकेत कारकून होते. लग्न होऊन डोंबिवलीला राहत होते. मला एक मुलगी. अप्पा महिन्यातून एकदा आमच्याकडे यायचे, चहा घ्यायचे, आणि निघताना नातीच्या हातावर दहाची नोट ठेवायचे. जेवले तर वीसची. माझ्या नवऱ्याने एकदा हसत म्हटलं, "अगं, तुझे वडील बिल देऊन जातात." ते खरंच होतं. मुलीच्या घरचं फुकट खायचं नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. आईचंही तसंच. मला मुलगी होईपर्यंत आई आमच्याकडे जेवलीसुद्धा नव्हती.

मेडिक्लेम त्यांना कुणी सुचवला, तर त्यांच्याच कारखान्यात स्टोअरला असलेले एक गृहस्थ. ते अप्पांच्या आधी वर्षभर निवृत्त झाले आणि विम्याचे एजंट बनले. माजिवड्याला राहायचे. फार बोलके. पहिला फॉर्म भरायला ते मोहन्याला आले होते, तेव्हा मीही होते.

"वहिनी, तुम्हाला काय आजार?" त्यांनी पेन उघडून विचारलं.

"हा समोर बसलाय तोच," आई अप्पांकडे हात करून म्हणाली.

"हा लिहिता येत नाही हो फॉर्मात. कंपनी मंजूर करणार नाही."

सगळे हसलो. आईला खरंच काही नव्हतं. तिच्या नावापुढे त्यांनी 'नाही, नाही, नाही' असं ओळीने लिहिलं. अप्पांचं ब्लडप्रेशर मात्र लिहिलं. अप्पांनीच आग्रह धरला, खोटं लिहायचं नाही म्हणून. आईने सही केली. ती सही मी तिला शिकवली होती, मी सातवीत असताना. त्याआधी ती अंगठा द्यायची. पाच अक्षरं, त्यातलं शेवटचं अक्षर ती जरा लांब ओढायची आणि मग पेन टेकवून ठेवायची, जणू शाई वाळेपर्यंत अक्षराला धरून ठेवायला हवं.

पोस्टातलं खातं दोघांच्या नावावर होतं आणि अप्पांनी ते असं उघडलं होतं, की पैसे काढताना दोघांच्या सह्या लागतील. त्यामुळे दर महिन्याला व्याज आणायला दोघं बसने कल्याणला जात. आई त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसायची. चाळीतल्या बायका म्हणायच्या, "आज पगार वाटतं?" ती म्हणायची, "हो, माझाही." जन्मभर अप्पांचा पगार पाकिटातून यायचा आणि ती तो पुरवायची. आता पहिल्यांदाच तिची सही झाल्याशिवाय घरात पैसा येत नव्हता. येताना दोघं उसाचा रस घेत, एक पूर्ण ग्लास आणि एक हाफ. हाफ आईचा.

पहिली तीन-चार वर्षं अकरा महिन्यांचं वर्ष बरोबर बसलं. मग हप्ता वाढला. अप्पा साठीच्या पुढच्या टप्प्यात गेले होते आणि वयाचा टप्पा बदलला की हप्ता बदलतो, हे एजंट काकांनी आधीच सांगितलं होतं. पण सांगितलेलं आणि पत्रात छापून आलेलं यात फरक असतो. त्या वर्षी अप्पांनी वर्तमानपत्र बंद केलं आणि वाचनालयात जायला लागले. आई साड्यांना फॉल लावून द्यायची. तिने फॉलसाठी आणखी साड्या घ्यायला सुरुवात केली. मी म्हटलं, मी थोडे देते. अप्पा म्हणाले, "तुझा संसार आहे." बस, एवढंच. आवाज चढला नाही, तरी पुढे बोलायची सोय उरली नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी आणखी एक पत्र आलं. आईचाही टप्पा बदलला होता आणि त्यातच सगळेच दर वाढले होते. दोघांचा मिळून हप्ता जवळजवळ दोन महिन्यांच्या व्याजाएवढा झाला.

अप्पांनी मला रविवारी बोलावून घेतलं. मी गेले तेव्हा दुपारचे जेमतेम बारा वाजले होते आणि आई खालच्या नळावरून पाणी घेऊन जिना चढत होती. तिच्या कमरेवर कळशी होती. आमच्या घरी पाणी नेहमी तांब्याच्या हंड्याने भरत. लग्नात आईला मिळालेला मोठा हंडा होता तो, आणि ती तो डोक्यावर घेऊन, हात न लावता जिना चढायची. लहानपणी मला त्याचा अभिमान वाटायचा.

"हंडा कुठे गेला?" मी विचारलं.

"त्याला बारीक चीर गेलीय. भांडीवाला आला की डाग देऊन घेईन." ती कळशी ठेवून उंबऱ्यावरच बसली. "कळशीच्या चार खेपा झाल्या की तेवढंच पाणी होतं."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी आत गेले.

अप्पांनी पत्र, वही आणि पेन्सिल मांडून ठेवली होती. पेन्सिलीला नीट टोक केलेलं. "बँकेत आहेस," ते म्हणाले, "तू शिकलीस. आता तूच सांग, कसं बसवायचं."

मी हिशेब केला. दूध, गॅस, लाइट, भाडं, त्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या. मी गोळ्यांवरून परत दुधावर आले. अर्धा लिटरचं पाव लिटर केलं. तरी दहा महिन्यांत वर्ष बसेना. मी परत म्हटलं, "अप्पा, फरकाचे मी भरते. वर्षातून एकदाच तर आहे. माझ्या बोनसमधून जातील."

"नाही."

"अहो, मला तुम्ही शिकवलंत. त्याचे किती गेले ते मी कधी दिले का?"

"ते द्यायचे नसतात." मग म्हणाले, "जावयांचे पैसे खाऊन आम्ही औषध घेणार? चाळीत तोंड दाखवायचं की नाही मला?"

"माझा पगार आहे, अप्पा."

"एकच असतं ते."

आई ओट्याशी होती. तिने वळून न पाहताच म्हटलं, "अहो, मग एकाचंच ठेवा ना. मला कशाला हवाय विमा? मला आजारी पडायला वेळ कुठे आहे?"

ती चेष्टेतच म्हणाली. पण वहीत बघितलं तर तेच एक उत्तर होतं. दोघांवर मिळणारी थोडी सूट गेली असती, तरी एका नावाचा हप्ता एका महिन्याच्या व्याजात बसत होता. म्हणजे परत अकरा महिन्यांचं वर्ष. प्रश्न एवढाच होता, की कुणाचं नाव. अप्पांना ब्लडप्रेशर, गोळ्या चालू. आईच्या नावापुढे नाही, नाही, नाही. कुठल्याही शहाण्या माणसाने जे सांगितलं असतं तेच मी सांगितलं.

"आईचं कमी करू," मी म्हणाले.

अप्पा म्हणाले, "तिचं ठेवू. माझं काढ."

"तुम्हाला बीपी आहे, अप्पा. हिशेबाने बघा ना."

त्यांनी आईकडे बघितलं. आई कणीक मळत होती. तिने एकदाच मान हलवली आणि म्हणाली, "ऐका तिचं. उगाच शिकवलंत का?"

नूतनीकरणाच्या कागदावर आईच्या नावावर रेघ मी मारली. पेन्सिलीने नाही, पेनने. पट्टी घेऊन, सरळ. अप्पांनी खाली सही केली. मग आम्ही जेवलो, आणि मला आठवतं, मला हलकं वाटत होतं. एक अवघड गणित सुटलं होतं आणि त्यांनी ते सोडवायला मला बोलावलं होतं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीत आई आमच्याकडे डोंबिवलीला आली तेव्हा दोन मजले चढून येताना तीनदा थांबली. माझ्या नवऱ्याने खुर्ची पुढे केली. तिला बोलता येईना. ओठ निळसर दिसत होते. मी तिला तशीच आमच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बराच वेळ छातीला नळी लावून ऐकलं आणि मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे कळलं की हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे. बहुधा लहानपणीच्या कुठल्याशा तापाने, ते म्हणाले. त्रास असा उतारवयात वर येतो. झडप बदलावी लागेल.

"दम कधीपासून लागतोय, आजी?"

"हल्लीच," आई म्हणाली. "दिवाळीच्या कामांनी."

त्यांनी खर्च सांगितला. मी तो ऐकला आणि मनातल्या मनात पोस्टातल्या रकमेशी लावून पाहिला. सवयच होती. जवळजवळ निम्मी रक्कम जात होती. मुंबईच्या सरकारी रुग्णालयात ऑपरेशनचे फारसे पैसे पडणार नव्हते, पण झडप आपणच विकत आणायची होती, आणि नंबर कधी लागेल ते कुणी सांगत नव्हतं.

मी एजंट काकांना बँकेतून फोन केला. ते म्हणाले, "अगं, आधीची पॉलिसी चालू असती तर यातला बराचसा खर्च मिळाला असता. आता नाव परत घालू शकतो, पण हा आजार सोडून. मग घालून उपयोग काय? वहिनींनी जरा आधी सांगायचं होतं."

मी अप्पांना सांगितलं, की मी बँकेतून कर्ज काढते. आम्हा स्टाफला कमी व्याजाने मिळायचं. माझा नवराही तयार होता. त्याने स्वतः मोहन्याला जाऊन अप्पांना सांगितलं. अप्पांनी त्याला चहा दिला, बिस्किटं दिली, आणि म्हणाले, "तुम्ही म्हणालात, त्यात सगळं आलं." नवरा परत आला तेव्हा म्हणाला, "मला दारापर्यंत सोडायला आले. पण हो म्हणाले नाहीत."

अप्पांनी पोस्टातले पैसे मोडायचं ठरवलं. दोघं नेहमीसारखी कल्याणला गेली, या वेळी रिक्षाने. मी ठाण्याहून रजा टाकून तिथे पोचले. अप्पांनी फॉर्म भरून आणला होता आणि सही केली होती. त्यांनी तो आईपुढे ठेवला.

आईने फॉर्म पाहिला. तिला वाचता फारसं येत नव्हतं, पण कुठला कागद कशाचा हे तिला कळायचं. इतकी वर्षं दर महिन्याला ती तिथे येत होती.

"हा व्याजाचा नाही," ती म्हणाली.

"नाही. सही कर."

"निम्मे काढले तर मग वर्ष किती महिन्यांचं?"

मागे रांग होती. खिडकीतला माणूस म्हणाला, "मावशी, करताय ना? नाहीतर बाजूला व्हा."

"सहा," आईच म्हणाली. "सहा महिन्यांचं. मग उरलेले सहा महिने तुम्ही काय खाणार? हिच्याकडे जाणार आहात का? नाही ना जाणार?" तिला दम लागला. ती बाकावर बसली. "मी गेले तरी तुम्हाला दहा-पंधरा वर्षं काढायचीत. मी सही करत नाही."

"आई, असं काय करतेस," मी म्हणाले. "मी शिकवलीय तुला सही."

"शिकवलीस तशी करते ना मी," ती म्हणाली. "आज नाही करायची."

आम्ही तिघं त्या बाकावर बसून राहिलो. अप्पांनी फॉर्मची चार वेळा घडी घातली. मग व्याजाचा फॉर्म घेतला, आणि त्यावर आईने सही केली. येताना अप्पांनी सवयीने रसाच्या दुकानाकडे पाहिलं आणि पुढे चालू लागले.

मी सरकारी रुग्णालयात नाव घातलं. मला वाटलं, नंबर लागेपर्यंत दोघांपैकी एकाला तरी पटवता येईल. झडपेचे पैसे मी गुपचूप बाजूला काढायला सुरुवातही केली होती. दरम्यान आईला गोळ्या सुरू झाल्या, आणि त्या गोळ्या अप्पा महिन्याच्या व्याजातून आणायचे. पाणी भरायचं काम अप्पांकडे आलं.

एका रविवारी मी मोहन्याला गेले तेव्हा अप्पांना पाठीत उसण भरली होती. म्हणाले, कळशीच्या खेपा झेपत नाहीत. मला हंड्याची आठवण झाली. आई झोपली होती. मी पलंगाखालून हंडा ओढून काढला, म्हटलं, डाग देऊन आणावा, मी आले तर एका खेपेत तरी पाणी भरेन. चीर कुठे आहे ते दिसेना. म्हणून नळावर नेला, काठोकाठ भरला आणि फरशीवर ठेवला. खालची फरशी कोरडी होती. मी बराच वेळ तिथे उभी राहिले. मागच्या बायका म्हणाल्या, "ताई, उचला ना, आमचा नंबर आहे." थेंबही गळत नव्हता. त्या हंड्याला कधीच काही झालं नव्हतं.

म्हणजे ज्या रविवारी मी वही घेऊन बसले होते त्या रविवारी आईला भरला हंडा घेऊन जिना चढवत नव्हता. ते तिने सांगितलं असतं तर तिचं नाव राहिलं असतं आणि अप्पांचं गेलं असतं. ती ओट्याशी उभी राहून सगळं ऐकत होती, आणि तिने कणीक मळत मळत आपलं नाव कमी करून घेतलं. मी फक्त रेघ मारली.

मी वर आले तेव्हा ती जागी होती. माझ्या हातातला भरलेला हंडा तिने पाहिला. ती म्हणाली, "सांडशील. खाली ठेव."

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर ती गेली. रुग्णालयाचं पत्र आलं नव्हतं. ते त्यानंतर दोन महिन्यांनी आलं, तारीख घेऊन. अप्पांनी ते मला दाखवलं नाही. पुढे त्यांच्या कागदांत मला सापडलं.

तिच्यानंतरच्या वर्षी जूनमध्ये मी मोहन्याला गेले तेव्हा हप्त्याचं पत्र टेबलावर पडलं होतं, न फोडलेलं. मी फोडलं. पुन्हा वाढला होता. अप्पांनी वही पुढे केली. या वेळी हिशेब त्यांनीच केला होता, त्यांच्या टर्नरच्या बारीक, सरळ आकड्यांत. दूध पाव लिटर. लाइट कमी. गॅसची टाकी चार महिने जाते.

"बघ," ते म्हणाले. "उरतात आता."

मी बघितलं. खरंच उरत होते. एका माणसाला ते व्याज पुरून वर राहत होतं. तेवढ्यात, त्या वाढलेल्या दराने, दोन नावांचा हप्ता बसत होता. मी दोनदा बेरीज केली.

"दोघांचा बसला असता," अप्पा म्हणाले. त्यांनीही केली होती.

मग त्यांनी पत्र पाकिटात परत घातलं. "मी आता भरणार नाही. तिला नव्हता ना? मग मलाही नको."

"अप्पा, असं करू नका."

"तुझं ऐकलं तेव्हा," ते म्हणाले. तेवढंच म्हणाले. त्यात राग नव्हता. मला वाटतं त्यांना 'तेव्हा ऐकलं, आता ऐकणार नाही' एवढंच सांगायचं असेल. पण मी ते वाक्य तसं ऐकलेलं नाही, आणि अजूनही तसं ऐकू शकत नाही.

निघताना मी ते पाकीट पर्समध्ये घातलं. त्यांना दिसलं की नाही, ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी बँक सुटल्यावर मी माजिवड्याला एजंट काकांकडे गेले. त्यांच्या बायकोने पाणी आणून दिलं. मी पाकीट आणि पैसे टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "काका, हे अप्पांना कळता कामा नये. मी भरलेत हे सांगायचं नाही. पावती माझ्याकडेच द्या."

मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. सही लागेल, अप्पांचं पत्र लागेल, काहीतरी लागेल. ठाण्याहून माजिवड्याला येईपर्यंत मी काय काय विनवण्या करायच्या ते ठरवत होते.

त्यांनी नोटा मोजल्या. "एवढंच ना?" ते म्हणाले. "कंपनीला काय, पैसे वेळेत आले की झालं. कुणाच्या खिशातून आले ते विचारतंय कोण?" मग पावती मागवतो म्हणून वहीत नोंद करता करता, अगदी सहज, चांगल्या मनाने म्हणाले, "मागेही यायचं होतंस की गं. वहिनींचं असंच चालू ठेवलं असतं. त्यांना पत्ताही लागला नसता."

मी मान हलवली.

आईच्या नावावर रेघ मारली तेव्हा माझ्याकडे पैसे होते. बोनसचे पैसे मी त्याच महिन्यात बँकेत टाकले होते, मुलीच्या नावाने. एजंट काकांचा पत्ता होता. ठाण्याहून माजिवडा रिक्षाने किती लांब. मी अप्पांना विचारलं, ते नाही म्हणाले, आणि मी थांबले. कारण त्यांच्या पाठीमागे, त्यांना न सांगता काही करायचं असतं हे मी कधी शिकलेच नव्हते. मला त्यांनी जे शिकवलं त्यात ते नव्हतं.

अप्पांचा हप्ता मी त्यानंतर दरवर्षी भरला. त्यांना कळलं नाही, किंवा कळलं असेल तर ते बोलले नाहीत. ते महिन्यातून एकदा डोंबिवलीला येत राहिले, चहा घेऊन नातीच्या हातावर दहाची नोट ठेवत राहिले. पावत्या माझ्या कपाटात आहेत. प्रत्येक पावतीवर एकच नाव आहे.